कातडं कपाटात, कागद कुठे?
वाचकांचे प्रश्न : वन्यजीव कायदा

मागच्या अंकात वन्यजीव संरक्षण कायद्याबद्दल प्रश्न मागवले होते. बडोदा आणि परिसरातून आलेल्या पत्रांपैकी निवडक पत्रांना इथे उत्तरं दिली आहेत. कायदा १९७२ चा आणि देशभर एकच आहे. २०२२ ची दुरुस्ती १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली. तेव्हापासून सहा अनुसूचींच्या जागी चार आल्या. पहिलीत कडक संरक्षणाचे प्राणी, दुसरीत बाकीचे संरक्षित प्राणी, तिसरीत वनस्पती आणि चौथीत आंतरराष्ट्रीय व्यापार-करारातल्या जाती. जुन्या पुस्तकात पाहून कुणी ‘हा प्राणी अनुसूची ४ मधला, किरकोळ’ असं सांगत असेल तर ती माहिती शिळी आहे.

आजोबा संस्थानच्या नोकरीत होते. घरात बिबट्याचं कातडं आणि एक हस्तिदंती डबी आहे. वडील मागच्या महिन्यात गेले. धाकटा भाऊ पुण्याला असतो, कातडं घेऊन जातो म्हणतो. कागदपत्र अजून सापडलेलं नाही. काय करावं?
(दांडिया बाजार)

कातडं जागचं हलवू नका. आधी कागद शोधा. मुख्य वन्यजीव रक्षकाने दिलेलं मालकी प्रमाणपत्र तुम्हाला हवं आहे. कायदा लागू झाला तेव्हा घरातल्या अशा वस्तू जाहीर करायच्या होत्या आणि २००३ मध्ये त्यासाठी पुन्हा १८० दिवसांची मुदत मिळाली होती. ज्यांनी तेव्हा जाहीर केलं आणि छाननीतून अर्ज पार पडला, त्यांच्याकडे प्रमाणपत्र असतं. जुन्या घरांतून ते बहुधा बंदुकीच्या परवान्याबरोबर किंवा घराच्या दस्तांच्या पुडक्यात निघतं. मूळ प्रत हरवली असेल पण क्रमांक किंवा अर्जाची पोच मिळाली, तर उपवनसंरक्षक कार्यालयात लेखी अर्ज देऊन नोंद शोधायला सांगा.

प्रमाणपत्र सापडलं तर घड्याळाकडे बघा. कलम ४० प्रमाणे वारसाने अशी वस्तू आल्यापासून ९० दिवसांत तसं जाहीर करावं लागतं. तुमच्याकडे साधारण दोन महिने उरले आहेत. अर्जाला जुन्या प्रमाणपत्राची प्रत, वडिलांचा मृत्यूचा दाखला, पेढीनामा (वारसांची वंशावळ), इतर वारसांची लेखी संमती आणि वस्तूचे फोटो जोडा. फोटोत मोजपट्टी दिसू द्या. कातड्याची लांबी नाकापासून शेपटीच्या टोकापर्यंत लिहा. शिवण, भोक, फाटलेली जागा, मागच्या कापडी अस्तराचा रंग, सगळं नोंदवा, कारण अधिकारी पाहणीला येतात तेव्हा प्रमाणपत्रातलं कातडं हेच, हे या खुणांवरून ठरतं. प्रमाणपत्र आजोबांच्या नावाचं असेल तर ते कधी वारले तेही पाहा. ९० दिवसांची अट १ एप्रिल २००३ पासूनची आहे. ते त्यानंतर गेले असतील तर वडिलांनी जाहीर करायला हवं होतं. ते राहून गेलं असल्यास अर्जात तसं स्पष्ट लिहा, झाकू नका.

पुण्याचा विचार हे सगळं झाल्यावर. प्रमाणपत्र असलेली वस्तू दुसऱ्या राज्यात नेली तर ३० दिवसांत तिथल्या वनाधिकाऱ्यांना कळवावं लागतं. विकता मात्र कधीच येत नाही. भेट देणं, अदलाबदल, ‘हौशी संग्राहकाकडे ठेवायला देणं’ हेही नको. शंभर वर्षं जुनी वस्तू म्हणजे पुरातन, म्हणून सूट, असा समज आपल्याकडे फार पसरला आहे. तशी सूट नाही. डबीलाही हेच लागू. आफ्रिकेतल्या हस्तिदंताच्या व्यापारावरही १९९१ च्या दुरुस्तीपासून बंदी आहे, तेव्हा ‘आमचा दंत आफ्रिकेचा’ हे सांगून काही साधत नाही.

डबी खरोखर हस्तिदंताची आहे का, हे तापलेली सुई टोचून बघू नका. वस्तू बिघडते आणि निष्कर्षही पक्का निघत नाही. आडव्या कापलेल्या भागावर, म्हणजे बहुधा बुडाशी किंवा झाकणाच्या कडेला, भिंगातून पाहा. हत्तीच्या दंतात एकमेकींना छेदणाऱ्या वक्र रेषांची जाळी दिसते आणि बाहेरच्या कडेजवळ त्यांच्यातला कोन ११५ अंशांहून मोठा असतो. हाडात अशी जाळी नसते, बारीक काळसर ठिपके किंवा रेघोट्या असतात. प्लॅस्टिकच्या नकलेत रेषा असल्याच तर समांतर असतात. ही घरची प्राथमिक पाहणी झाली. अंतिम मत तज्ज्ञांचं.

वस्तू नकोच असेल आणि प्रमाणपत्र असेल, तर कलम ४२अ खाली कामकाजाच्या सात दिवसांची नोटीस देऊन ती मुख्य वन्यजीव रक्षकाकडे जमा करता येते. मोबदला मिळत नाही. प्रमाणपत्र रद्द होतं.

कागद मुळातच नसेल तर गोष्ट अवघड आहे. २००३ ची खिडकी बंद झाली आणि आपणहून सांगणाऱ्याला माफी मिळेल असं आज कायद्यात कुठे लिहिलेलं नाही. तरीही कातडं जाळणं, विश्वामित्री नदीत सोडणं किंवा ‘मी बघतो’ म्हणणाऱ्या दलालाला देणं, हे तिन्ही मार्ग त्याहून वाईट. कायद्याने ती सरकारी मालमत्ता आहे. ती नष्ट करणं आणि पुढे सरकवणं हे वेगळे गुन्हे होतात. वकिलाला बरोबर घेऊन, वस्तू घरात कशी आली याचा जुना फोटो किंवा पत्र असेल ते जोडून, उपवनसंरक्षकांना लेखी कळवा आणि पोच घ्या. अडगळीत पडलेली वस्तू स्वतः कळवणारा आणि गिऱ्हाईक शोधताना सापडलेला, या दोघांचे कागद कोर्टात अगदी निराळे दिसतात.

घरी सहा वर्षांपासून राघू आहे. शेजारी म्हणतात तक्रार करतो. पिंजरा उघडून सोडून द्यावा का?
(कारेलीबाग)

सोडू नका. पिंजऱ्यात वाढलेल्या राघूच्या पंखांत ताकद नसते, अनेकदा पिसं कापलेली असतात. तो पहिल्याच दिवशी मांजराच्या किंवा कावळ्यांच्या तावडीत सापडतो. भारतात रानात आढळणारा कुठलाही पोपट, साधा राघू असो की पहाडी, पाळता येत नाही. त्याला वनखात्याच्या बचाव केंद्रात द्या आणि दिल्याची पोच घ्या. कायदा म्हणतो की वन्यप्राणी हाती आल्यापासून ४८ तासांत पोलीस ठाण्यात किंवा वनाधिकाऱ्याकडे कळवून तो सोपवावा. उत्तरायणात मांज्याने कापलेली घार किंवा घुबड घरी आणून ‘बरं होईपर्यंत ठेवू’ म्हणणाऱ्यांनाही हीच मर्यादा आहे. जखमी पक्ष्यासाठी १९६२ वर फोन करा. खोक्यात ठेवा, अंधार करा, पाणी चोचीत ओतू नका.

बजरीगर आणि कॉकाटील यांना ही बंदी नाही. मकाव, आफ्रिकन ग्रे यांसारखे परदेशी पक्षी अनुसूची ४ मध्ये येतात. त्यांची २०२४ च्या नियमांप्रमाणे केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर नोंदणी लागते. नवा पक्षी घेतला तर ३० दिवसांत. विकणाऱ्याकडे नोंदणी आहे का, हे पैसे देण्याआधी विचारा. तो ‘नंतर करून देतो’ म्हणाला तर घेऊ नका.

कातडी, खवले, जिवंत कासवं पकडल्याच्या बातम्या येतात. काही वर्षांनी कळतं की आरोपी सुटले. हे असं का होतं?
(मकरपुरा)

बहुतेक वेळा खटला कोर्टात हरत नाही, जप्तीच्या पहिल्या दोन तासांत हरतो. या उत्तराला जागा जास्त देत आहोत, कारण पंच म्हणून सही करायची वेळ तुमच्यावरही येऊ शकते.

रीत आधी समजून घ्या. या कायद्यात पोलिसांच्या दोषारोपपत्रावर न्यायालय दखल घेत नाही. कलम ५५ प्रमाणे अधिकार दिलेल्या अधिकाऱ्याने स्वतः फिर्याद दाखल करावी लागते. पोलिसांनी माल पकडला तरी पुढे वनखात्याची फिर्याद हवीच. ती नीट न झाल्याने पाया कच्चा राहिलेली प्रकरणं आहेत. सामान्य माणसालाही फिर्याद करता येते, पण आधी सरकारला ६० दिवसांची नोटीस देऊन.

आता घटनास्थळ. पंचनाम्यात जागा ‘हायवेजवळ’ अशी लिहिली की उलटतपासणीत पहिला घाव तिथेच बसतो. किलोमीटरचा दगड, जवळची पक्की खूण, उपग्रह-स्थान, सुरू केल्याची आणि संपल्याची वेळ, उजेड कशाचा होता, पिशवी कुणाच्या हातात होती आणि ती कुणी उघडली, हे सगळं हवं. प्रत्येक नगाला क्रमांक द्यायचा. वजन एकाच काट्यावर, तेही पंचांसमोर. लाखेचं सील लावल्यावर त्याच मोहोरेचा ठसा पंचनाम्यावर आणि एक ठसा वेगळ्या कागदावर घ्यायचा. तो कागद नमुन्याबरोबर प्रयोगशाळेत जातो, म्हणजे तिथे सील जुळवून पाहता येतं. हा ठसा विसरला की नमुना बदलला गेला नाही हे सिद्ध करणं फार कठीण जातं.

मालाची साखळी तुटते ती बहुतेक वेळा ठेवण्याच्या ठिकाणी. जप्ती शुक्रवारी रात्री, मुद्देमालाच्या रजिस्टरात नोंद सोमवारी. मधले दिवस माल कुणाच्या ताब्यात होता? बचावाचा वकील एवढंच विचारतो. ओलं कातडं सुकून वजन कमी झालं आणि कुणी तसं लिहून ठेवलं नाही, तर दोन कागदांवर दोन वजनं येतात. साधी गोष्ट, पण शंका उभी राहते आणि शंकेचा फायदा आरोपीला.

नमुन्यांचंही तेच. ताज्या मांसाचा तुकडा शुद्ध अल्कोहोलमध्ये ठेवायचा. फॉर्मालिनमध्ये ठेवला की डीएनए खराब होतो. वाळलेलं कातडं, मुळासकट केस, खवले हे कागदी पाकिटात ठेवायचे, कारण प्लॅस्टिकमध्ये घाम धरतो आणि बुरशी येते. दोन संच काढायचे, एक प्रयोगशाळेला, एक राखून. ओळख डेहराडूनच्या भारतीय वन्यजीव संस्थेत किंवा हैदराबादच्या पेशी व रेण्वीय जीवशास्त्र केंद्रात होऊ शकते. ‘पंचनाम्यात अधिकाऱ्याने बिबट्या असं लिहिलं’ एवढ्यावर कोर्ट थांबत नाही. रंगवलेलं कुत्र्याचं कातडं वाघाचं म्हणून विकणारेही बाजारात आहेत.

ताबा हा गाभा आहे. वस्तू आरोपीच्या ताब्यात होती हे एकदा सिद्ध झालं की कलम ५७ प्रमाणे ताबा बेकायदा असल्याचं गृहीत धरलं जातं आणि उलट सिद्ध करण्याचा भार आरोपीवर जातो. फिर्यादीला याहून मोठा आधार नाही. म्हणूनच बचावाचा सगळा जोर ताब्यावर असतो. पिशवी बसस्टँडच्या बाकाखाली सापडली, खोलीत तिघे राहत होते, मोटार मित्राची होती. अशा वेळी भाडेकरार, किल्ली, फोनवरचे संदेश, मालाचे आरोपीनेच पाठवलेले फोटो हे गोळा केलेले लागतात. फोनमधला पुरावा द्यायचा तर नव्या साक्ष अधिनियमातल्या कलम ६३ चं प्रमाणपत्र जोडावं लागतं. नुसत्या छापील स्क्रीनशॉटवर काम भागत नाही. झडती आणि जप्तीचं चित्रण करण्याची तरतूद १ जुलै २०२४ पासूनच्या नागरिक सुरक्षा संहितेत आहे. आमच्या मते प्रामाणिक पथकाला याहून चांगला साक्षीदार नाही, तो कोर्टात जबाब फिरवत नाही.

जबाब कुणी घेतला यालाही महत्त्व आहे. सहायक वनसंरक्षक किंवा त्याहून वरच्या अधिकाऱ्याने कलम ५०(८) खाली, आरोपीच्या समक्ष नोंदवलेला पुरावा खटल्यात ग्राह्य धरता येतो. परिक्षेत्र अधिकाऱ्याने घाईत लिहून घेतलेल्या कागदाला तसा आधार मिळत नाही. वरिष्ठ अधिकारी त्या रात्री पोचलेच नाहीत, म्हणून चांगली प्रकरणं लंगडी होतात.

शेवटचा अडथळा काळ. फिर्यादीवर चालणाऱ्या अशा खटल्यात आरोप ठेवण्याआधी साक्षी होतात आणि आरोप ठेवल्यावर तेच साक्षीदार उलटतपासणीसाठी पुन्हा बोलावता येतात. तोवर वनरक्षकाची बदली झालेली असते आणि पंच गाव सोडून गेलेला असतो. अनुसूची १ मधल्या प्राण्यासाठी किमान तीन आणि कमाल सात वर्षं कैद आणि किमान २५ हजार दंड आहे. अशा गुन्ह्यात तडजोड करता येत नाही, जामीनही सहज मिळत नाही. शिक्षा कमी पडत नाही. कमी पडतो तो तिथवर पोचणारा कागद. तुम्हाला पंच म्हणून बोलावलं तर न वाचता सही करू नका. जे डोळ्यांनी पाहिलं नाही ते खोडायला सांगा, आणि समन्स आलं की कोर्टात जा.

पुराच्या वेळी सोसायटीत मगर आली. मुलांनी दोर टाकून धरली, तोंड बांधलं, व्हिडिओ काढला. नंतर वनखात्याने नेली. मुलांवर गुन्हा होऊ शकतो का?
(समा)

होऊ शकतो. मगर अनुसूची १ मध्ये आहे आणि कायद्याच्या व्याख्येत धरणं, फासात अडकवणं, हाकलणं हीसुद्धा शिकारच. स्वतःचा किंवा दुसऱ्याचा जीव वाचवण्यासाठी सद्हेतूने केलेली कृती गुन्हा ठरत नाही. पण गेटाबाहेर शांत पडलेल्या मगरीवर दोर टाकणं त्यात बसत नाही. व्हिडिओ मुलांनीच पसरवला असेल तर पुरावाही त्यांनीच दिला.

ऑगस्ट २०२४ च्या पुरात शहरात हेच ठिकठिकाणी घडलं. मगर दिसली तर माणसं आणि कुत्री मागे घ्या, तिचा पाण्याकडचा रस्ता मोकळा ठेवा, एकाने लांबून नजर ठेवावी आणि वनखात्याला कळवावं. तोंड बांधलेली मगर शेपटीने माणूस आडवा करते. घट्ट दोराने तिचा जबडा आणि पाय जखमी होतात, आणि जखमी मगर लगेच नदीत सोडता येत नाही.

याहून दुर्लक्षित बाब अंड्यांची. विश्वामित्रीच्या काठात माद्या साधारण फेब्रुवारी ते एप्रिल खड्डा करून अंडी घालतात, पावसाच्या तोंडावर पिल्लं निघतात. काठ खणणं, तिथली माती नेणं, अंडी हलवणं हाही या कायद्याखाली गुन्हा आहे. अशा वेळी काठावर यंत्र चालताना दिसलं तर तारीख दिसेल असा फोटो घेऊन त्याच दिवशी लेखी कळवा.

पूजेच्या सामानात ‘हत्था जोडी’ आणि ‘इंद्रजाल’ ऑनलाइन विकतात. मुळं आहेत असं सांगतात. तक्रार कशी करावी?
(रावपुरा)

हत्था जोडी हे कुठल्याही झाडाचं मूळ नाही. ते नर घोरपडीचं वाळवलेलं जननेंद्रिय आहे. इंद्रजाल म्हणजे समुद्रातलं प्रवाळ. दोन्हींत संरक्षित प्राणी मारला जातो. देव्हाऱ्यात असं काही असेल तर श्रद्धेचा प्रश्न बाजूला ठेवून ते आधी बाहेर काढा आणि वनखात्याकडे द्या.

तक्रारीत विक्रेत्याचं नाव किंवा खात्याचं नाव, जाहिरातीचा पूर्ण पत्ता, तारीख-वेळ दिसणारे स्क्रीनशॉट, सांगितलेली किंमत आणि दिलेला फोन नंबर द्या. खात्री करायला म्हणून एक नग मागवू नका, खरेदी हाही गुन्हा आहे. गिऱ्हाईक बनून गप्पा मारत बसू नका. विक्रेता सावध होतो आणि माल जिथे साठवला आहे ते ठिकाण हातचं जातं. तक्रार उपवनसंरक्षकांकडे करा. धंदा राज्याबाहेर पसरलेला दिसत असेल तर वन्यजीव गुन्हे नियंत्रण विभागालाही कळवा, त्याचं पश्चिम विभागीय कार्यालय मुंबईत आहे. माहिती देणाऱ्याला दंडाच्या निम्म्यापर्यंत रक्कम देण्याचा आदेश न्यायालय करू शकतं, आणि मुख्य वन्यजीव रक्षक १० हजारांपर्यंत बक्षीस देऊ शकतात.

फाइन आर्ट्सला शिकते. जुने ब्रश मुंगुसाच्या केसांचे आहेत का, हे कसं ओळखावं?
(प्रतापगंज)

एक केस जाळून पाहा. वितळून गोळी झाली तर कृत्रिम. जळक्या केसांचा वास आला तर प्राण्याचा, पण कुठल्या ते त्यावरून कळत नाही. मुंगुसाच्या केसावर गडद आणि फिकट पट्टे आलटून पालटून असतात आणि रंग एकसारखा नसतो. असे ब्रश असतील तर वनखात्यात जमा करा. २०१९ मध्ये याच व्यापारावर देशभर छापे पडले होते. दुकानदाराकडून बिलावर ‘कृत्रिम तंतू’ असं लिहून घ्या.

नीलगायी पीक खातात. शेजारच्या शेतकऱ्याने कुंपणात घरच्या लाइनीचा करंट सोडला आहे. आम्हीही सोडावा का?
(पादरा तालुका)

नाही, आणि त्यालाही आजच काढायला सांगा. वाहत्या करंटला चिकटलेला प्राणी सुटत नाही, माणूसही सुटत नाही. रात्री पाणी द्यायला निघालेला शेजारी मेला तर मनुष्यवधाचा गुन्हा, बिबट्या मेला तर अनुसूची १ चा गुन्हा, शिवाय विद्युत कायदा २००३.

मान्य साधन म्हणजे बॅटरीवर किंवा सौर पॅनेलवर चालणारं झटका यंत्र. ते साधारण सेकंदाला एक, क्षणभराचा झटका देतं, त्यामुळे प्राणी दचकून मागे होतो आणि सुटतो. ते चालत नाही अशी तक्रार येते तेव्हा कारण बहुतेक वेळा जमिनीत असतं. अर्थिंगची एकच सळई, तीही कोरड्या मातीत. तीन सळया, तीन-तीन मीटर अंतरावर, ओल राहील अशा जागी ठोका. तारेला टेकणारं गवत दर पंधरा दिवसांनी कापा, नाहीतर सगळा झटका गवतातून जमिनीत जातो. इशाऱ्याच्या पाट्या लावा.

एवढं करून नुकसान थांबलं नाही तर कलम ११ खाली परवानगीसाठी अर्ज करता येतो. अर्जात गट क्रमांक, पीक, नुकसान झालेलं क्षेत्र, तलाठ्याचा पंचनामा, आणि आधी काय उपाय केले ते लिहा. परवानगी लेखी आणि कारणांसह मिळते. ती कोणत्या प्राण्यासाठी, कुणाला आणि किती मुदतीची आहे, हे त्याच कागदावर वाचा. परवानगीने मारलेली नीलगायही सरकारची मालमत्ता राहते. मांस वाटलं तर शेतकरीच आरोपी होतो.